आलेखातला खळगा

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मॅडमनी दिलेलं काम ऐकायला सोपं होतं: १-डोडेसिल-३-मिथाइलइमिडाझोलियम ब्रोमाइड बनव, पाण्यात विरघळव, पृष्ठताण मोज. नाव लांबलचक, पण वस्तू म्हणजे एक मीठच. डोकं धनभारित, त्याला पाण्याचा लोभ. शेपूट बारा कार्बनचं, पाण्याला विटलेलं. कुळ आयनिक लिक्विडांचं, म्हणजे सहज वितळणाऱ्या मिठांचं, तरी खोलीच्या तापमानाला मेणासारखं पांढरं, घट्ट. (पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.)

पाण्यात थोडं टाकलं की हे रेणू पृष्ठभाग गाठतात आणि शेपट्या हवेत काढून उभे राहतात. २५ अंशांना शुद्ध पाण्याचा ताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. तो उतरू लागतो. पृष्ठभाग भरला की उरलेले रेणू शेपट्या आत लपवून गोळे करतात, म्हणजे मिसेल. तिथून पुढे ताण जागचा हलायला नको.

माझा हलला. ३६ पर्यंत उतरला आणि पुन्हा ३९ वर चढला. नवीन काही सापडलं म्हणून मी खूश! मॅडम आलेख पाहून एवढंच म्हणाल्या, "हे तुझ्या रेणूचं नाही, तुझ्या धुण्याचं आहे."

ताण मोजायची प्लॅटिनमची पट्टी लालबुंद होईपर्यंत तापवली, काचसामान पुन्हा धुतलं. खळगा तसाच. बरं, त्याच द्रावणाच्या वाहकतेचा आलेख अगदी शहाण्यासारखा एका जागी, मिसेल सुरू होतात तिथे, मोडत होता. शेवटी उलगडलं. विक्रियेत उरलेलं किंचित ब्रोमोडोडेकेन (शेपूट ज्यातून येतं तो कच्चा माल) मिठाला चिकटून आलं होतं. त्यावर भार नाही. एकमेकांना ढकलणाऱ्या धनभारित डोक्यांच्या मधे ते बिनधास्त घुसतं आणि ताण आणखी पाडतं. मिसेल झाले की तेच त्याला पोटात घेतात, म्हणून ताण वर येतो. वाहकतेला एवढ्याशा मळाचा पत्ताच लागत नाही, पृष्ठभागाला मात्र लगेच लागतो.

इथाइल ॲसिटेट या द्रावकातून तीनदा स्फटिकीकरण केलं. खळगा गेला. पण मिसेल सुरू होण्याची संहती १०.३ मिलिमोलर येत होती, जरा जास्तच. जुलै महिना, खिडकीबाहेर धो धो पाऊस, आणि मी बाटली उघडी ठेवून निवांत वजनं करत होते! कार्ल फिशर या पाणी मोजायच्या पद्धतीने पाहिलं तर ५ टक्के पाणी निघालं, म्हणजे मिठाच्या दर रेणूमागे जवळपास एक पाण्याचा रेणू. मीठ म्हणून मी पाणीही तोलत होते. निर्वात ओव्हनमध्ये वाळवून, झटपट तोलून पुन्हा केलं. पृष्ठताण आणि वाहकता, दोन्ही पद्धतींनी ९.८.

आता सोळा कार्बनांचं शेपूट. तिथे हा आकडा १ च्याही खाली जातो. मी आधीच सहा लिटर इथाइल ॲसिटेट मागवून ठेवलंय. मॅडमनी बिल अजून पाहिलेलं नाही.