शेंडीचं दार, नोंद ५ : बाक कुठून आला ते सापडलं

शनिवारी मी बनवलेला फायबरग्लासच्या दाराचा पल्ला (मधे फोम, दोन्हीकडे फायबरचं कातडं) शेंडीला, भंडारदरा तलावाकाठच्या गावी, मावशीच्या घरी नेऊन चौकटीत बसवला आणि पोटात गोळा आला. वरखाली पट्टीला टेकतोय, कुलपापाशी मात्र बोट जाईल एवढी फट. दोरा ताणून मोजलं: पावणेसात फुटांत ११ मिमी बाक, पोट आतल्या बाजूला.

पहिला संशय भंडारदऱ्याच्या ओलीवर. पण आतल्या सागाच्या पट्ट्या ओलावा मोजायच्या मीटरवर १२ टक्के दाखवत होत्या. चौकट ओळंब्यात होती. बाहेरचा गडद जेलकोट (रंगीत रेझिनचा वरचा थर) उन्हाने तापला असेल म्हणून रात्रभर पडवीत ठेवला. सकाळीही ११ च.

उत्तर खिशात होतं. कुलपाचं भोक पाडताना निघालेली चकती मी ठेवून दिली होती. कडेने पाहिली तर बाहेरचा फायबर आतल्याच्या दुप्पट जाड. मॅट (काचतंतूंची चादर) वाचवायला बाहेर ४५० ग्रॅमवालीचे दोन थर आणि आत एकच दिला होता ना! मॅट ज्यात भिजवतो ते पॉलिस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं. जाड बाजूने जास्त ओढलं आणि पल्ला तिकडे वळला. दोन्हीकडे सारखे थर हवेत, हे आता पक्कं.

मग आतली बाजू ८० नंबरच्या सँडपेपरने घासून खरबरीत केली. पल्ला पोट वर करून टेबलावर ठेवला, दोन्ही टोकांखाली १५ मिमीच्या फळ्या सरकवल्या, मधोमध क्लॅम्प आवळून उलटा बाक दिला आणि वर दुसरा थर घातला. दोन दिवस हात लावला नाही. सोडल्यावर ३ मिमी! एवढं रबरी पट्टी सांभाळेल.

मॅट यापुढे सुट्टी, किलोवर घेणार नाही. दुकानदाराने दिलेला तुकडा एका टोकाला इतका विरळ होता की पलीकडचं दिसत होतं. पूर्ण रोलच घ्या.

खालच्या कडेला पाणी तुटायला पाडलेली खाच मात्र पहिल्याच फटक्यात जमली. तलावावरून वारा येतो तसा समोरून दहा मिनिटं पाइप मारला, उंबरठ्याच्या आत थेंब नाही. मावशीने फरशीवर हात फिरवून खात्री केली. "जुन्या दाराला गोणपाट लावायचे रे मी," म्हणाली.

मागच्या दारासाठी मधे पुन्हा पीयू (पॉलियुरेथेन) फोमच (थर्माकोल रेझिनमध्ये कसा विरघळला ते नोंद २ मध्ये आहे). दोन्ही बाजू एकाच दिवशी करणार होतो. पण लिहिता लिहिता सुचतंय, दोन्ही कातडी आधी सपाट काचेवर वेगळी ओतून, पूर्ण सुकवून मग फोमला चिकटवली तर? आकसायचं ते आधीच आकसून झालेलं असेल. रविवारी फूटभर तुकड्यावर करून बघतो.