कडी पडली की

मासे गरवायच्या रीलची कडी पडते तेव्हा एक आवाज होतो. 'टिक्'पेक्षा जाड, 'ठक्'पेक्षा बारीक. शिसं पाण्यात गेलंय, दोरा जाग्यावर आलाय, आता गप्प उभं राहायचं, एवढं सगळं मला त्यात ऐकू येतं. गेल्या पावसाळ्याआधी तो आवाज गेला. रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर उभा होतो, हँडल फिरवलं, आणि कडी अर्ध्यावर येऊन लोंबकळत राहिली, बिजागरी निखळलेल्या फाटकासारखी.

रील मामांचं. मिचेल ३००, फ्रान्सचं, काळं, अंडाकृती अंगाचं, डाव्या हाताने फिरवायचं. मामा बोटीवर होते तेव्हा कुठल्याशा बंदरात त्यांनी ते घेतलं. बंदराचं नाव दर खेपेला बदलतं, कधी मार्सेलिस, कधी जिनोआ. किंमत मात्र कायम 'त्या वेळी फार वाटली' हीच. माझ्या हातात आल्यावर मी त्याचे जे हाल केले त्यापुढे बोटीवरची वर्षं आरामाची म्हणायची. खारं पाणी लागलेलं रील घरी आल्यावर गोड्या पाण्याने पुसायचं, हे मामांनी शंभरदा सांगितलं होतं. मी एकशेएकाव्या वेळेची वाट बघत होतो.

कडी म्हणजे दोरा गुंडाळणारी तारेची कमान. हा मामांचाच शब्द. इंग्रजीत तिला बेल म्हणतात, आणि बादलीच्या कडीलाही तिकडे बेलच म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

या कडीची गरज का पडते, तर या रीलमध्ये दोऱ्याची रिळी फिरतच नाही. ती जागच्या जागी पुढेमागे होते, तिच्याभोवती फिरते ती कडी, आणि तीच तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, रिळीवर गुंडाळत जाते. गळ टाकताना कडी उघडायची, की तंगूस रिळीच्या टोकावरून सळसळत सुटते. ही युक्ती कापडगिरणीतल्या बॉबिनवरून सुचली असं सांगतात, आणि ते पटतं, कारण १९०५ साली इंग्लंडात असल्या रीलचं पेटंट घेणारे इलिंगवर्थ हे ब्रॅडफर्डच्या लोकरगिरण्यांच्या घराण्यातले. त्यांच्या रीलला मात्र आपली ही कमान नव्हती. ती पुढे आली. मिचेल बनवणारी कार्पानो आणि पाँस ही कंपनी तर क्लूझ गावची, आल्प्सच्या पायथ्याशी, जिथे घराघरात घड्याळाचे भाग बनत. रील उघडलं की हे घड्याळजीचं काम आहे हे कळतंच. प्रत्येक स्क्रूला आपली जागा आणि आपला तोरा.

झाकणाचा स्क्रू दोन दिवस डिझेलमध्ये भिजवला तेव्हा कुठे हलला. आत स्प्रिंग होती, जेमतेम करंगळीच्या नखाएवढी. तीन-चार वेटोळी आणि दोन पाय. एक पाय फिरत्या भागाच्या भोकात, दुसरा कडीच्या मुळाशी. कडी उघडली की वेटोळी पिळली जातात आणि पिळलेलीच अडकून राहतात. हँडल फिरवलं की आतला खटका सुटतो आणि तो पीळ कडीला परत ओढतो. झालं, एवढंच तिचं आयुष्य. एका संध्याकाळी साठ-सत्तर वेळा पिळून घ्यायचं. माझी स्प्रिंग तुटली नव्हती, दमली होती. एक पाय गंजून, घासून सुईसारखा झाला होता आणि वेटोळी सैल पडली होती. ती चिमट्याने उचलली, आणि ती उडाली. कपाटाखालून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवलं तेव्हा ती मिळाली, सोबत दोन टाचण्या आणि एक हरवलेलं कानातलं. त्यामुळे घरात त्या दिवशी मला बराच मान होता.

नवी स्प्रिंग घरीच करायचं ठरवलं. भाच्याच्या गिटारची तुटलेली तार आधी वापरून पाहिली. पोलाद उत्तम, पण बारीक. कडी पापणीसारखी हळू मिटायची. मग स्प्रिंगची जाड तार आणली, ड्रिलच्या बिटाचा मागचा गुळगुळीत दांडा व्हाइसमध्ये धरला आणि पकडीने ताणून वेटोळी घातली. हात सोडला तशी तार स्वतःहून उलगडली आणि वेटोळं मोठं झालं. पोलादी तार वाकवली तेवढी वाकत नाही, थोडी परत येतेच. म्हणून दांडा हवा त्यापेक्षा बारीक घ्यायचा. हे तिसऱ्या वेळी समजलं. चौथी स्प्रिंग इतकी सुबक झाली की टेबलावर ठेवून नुसती बघत बसलो. बसवली, तर कडी बंद व्हायचं सोडून उघडायला बघू लागली. वेटोळी मी उलट्या अंगाने घातली होती! आरशात बघून भांग पाडावा तसं झालं. असली स्प्रिंग आवळली जाते त्याच दिशेने पिळावी लागते. उलगडण्याच्या दिशेने पिळली तर लवकर सैल पडते. पाचवीचा पाय सहज वाकावा म्हणून गॅसवर लाल केला, आणि तिथलं पोलाद तांब्यासारखं मऊ झालं. पाचवी वाया गेली.

सहावी थंडच वाकवली आणि वाकवताना तारेत साठलेला ताण उतरावा म्हणून ओव्हनमध्ये २३० अंशांवर अर्धा तास ठेवली.

"अहो, ओव्हनमध्ये काय ठेवलंय?"

"स्प्रिंग."

यावर बायको काही बोलली नाही. ते जास्त वाईट असतं.

बाहेर आली ती किंचित पिवळसर, बिस्किटासारखी. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, झाकण, स्क्रू. हँडल फिरवलं.

टक्.

घरात बसून पंचवीसेक वेळा फिरवलं असेल.

पाऊस सरल्यावर मामांना घेऊन मांडवीला गेलो. ते आता गरवत नाहीत, कठड्याला टेकून दुसऱ्यांच्या चुका बघतात. गरीला कोळंबी लावली, शिसं लांब टाकलं, त्यांच्याकडे न बघता हँडल फिरवलं. टक्. मामा म्हणाले, "स्प्रिंग बदललीस?" मी म्हटलं, "केली. घरी." त्यांनी रील हातात घेतलं, कडी उघडली, मिटली, परत उघडली.

"छान झालीय. आता हँडलने बंद करू नकोस. हाताने मिटावी. दोऱ्यात ढील राहत नाही, गुंता होत नाही, आणि स्प्रिंगलाही धक्का बसत नाही."

"मग ती केली कशाला मी?"

"ते तुझं तू बघ."

तेव्हापासून कडी हातानेच मिटतो. दिवसातली पहिली फेक तेवढी हँडलने. तेव्हा मामा मुद्दाम भाट्याच्या पुलाकडे तोंड करून उभे असतात.