नावाचा रकाना कोरा

२६ नोव्हेंबरची सकाळ. ग्रामपंचायतीसमोर शाळेची पोरं रांगेत बसली होती. टेबलावर बाबासाहेबांची तसबीर, तिला हार, शेजारी उद्देशिका. मी या गावचा ग्रामसेवक. यंदा संविधान दिनाला चार शब्द आपणही बोलायचे, असं मी ठरवलं होतं. त्यासाठी आदल्या रात्री संविधान चाळताना कलम ३९४ पाशी थांबलो. १९४९ साली याच तारखेला संविधान स्वीकारलं आणि अंमल २६ जानेवारी १९५० पासून झाला, हे सगळ्यांना पाठ असतं. पण थोडी कलमं स्वीकारली त्याच दिवशी लागू झाली होती, आणि त्यांत ५ ते ९ ही नागरिकत्वाची कलमं होती. बहुतेक संविधान दोन महिने थांबलं, नागरिकत्व थांबलं नाही. मला हे पोरांना सांगायचं होतं.

सातवीतली एक मुलगी एकेक ओळ सांगत होती, बाकीचे मागून म्हणत होते. ‘दर्जाची व संधीची समानता’ आलं तेव्हा माझं लक्ष फाटकाकडे गेलं. एक म्हातारी, हातात गोधडीत गुंडाळलेलं तान्हं. वाचन संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, आत आली नाही.

“काय काम होतं, मावशी?”

“लेकराचा दाखला पायजे, भाऊसाहेब. परवा आले व्हते. तुमच्या गावाला जाऊन काढा म्हनले.”

बीडकडची ऊसतोड टोळी. परवा मी तालुक्याच्या बैठकीला गेलो होतो. उत्तर माझ्याच कार्यालयातून गेलं होतं, आणि ते साफ चुकीचं होतं. जन्म जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते. आईबापाचा कायमचा पत्ता कुठलाही असो, त्याला वेगळा रकाना आहे. हा कायदा १९६९ पासूनचा आहे.

“जन्म कधीचा?”

“सहा तारखेचा. कोपीतच झाली. पोरगी हाय.”

कोपी म्हणजे तळावरची त्यांची झोपडी. मी बोटांवर मोजलं. एकवीस दिवस उद्या भरत होते. त्यानंतर विलंब शुल्क, महिना उलटला की वरिष्ठांची लेखी परवानगी आणि कागदपत्रं. हे लोक पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये गावी जाणार. तिथे सांगितलं असतं, जन्म इथला नाही, जिथे झाला तिथे जा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. फाटकावरून परत गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे त्या क्षणी मला फार स्पष्ट दिसलं.

“पोरीची आई कुठंय?”

“फडात. खाडा झाला तर मुकादम पैसं कापतो.”

विसाव्या दिवशी बाळंतीण ऊस तोडत होती. मला पुढे काही विचारवेना.

सरपंचांना म्हटलं, तुम्ही कार्यक्रम पुढे चालू ठेवा. आत जाऊन फॉर्म काढला. आशाताईंना फोन लावला. त्या सहा तारखेला पहाटे तळावर गेल्या होत्या, त्यांनी वेळही सांगितली. म्हातारीने कनवटीची पिशवी सोडून मुलाचं आणि सुनेचं आधार कार्ड टेबलावर ठेवलं. मी बाळाचं नाव विचारलं.

“अजून ठिवलं न्हाई,” ती म्हणाली, आणि लगेच घाबरली. “ठिवते की आत्ता. तुमीच सांगा कायतरी, लिवून टाका.”

नाव नसलं तरी नोंद होते, वर्षाच्या आत पैसे न भरता नाव घालता येतं, हे तिला दोनदा समजावलं. नाव तुम्हीच ठेवा, बारसं करून, सावकाश. तिने अंगठा दिला. दाखला छापून आला तसा मी तो तिला वाचून दाखवला. जन्मस्थानापाशी आमच्या गावाचं नाव आलं तेव्हा तिने थांबवलं.

“मंजी हितलीच झाली की ही.”

“हो, इथलीच.”

बाहेर आलो तेव्हा पोरं शाळेत गेली होती. भाषणाचा कागद खिशातच होता.

दुसऱ्या दिवशी आशाताईंना घेऊन तळावर गेलो आणि कोपी-कोपीत विचारलं. आणखी एक बाळ निघालं, १९ नोव्हेंबरचं. त्याची नोंद तिथेच, बैलगाडीच्या धुऱ्यावर फॉर्म ठेवून लिहून घेतली. मग कार्यालयात आलो, फळा पुसला आणि लिहिलं: ‘या गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद इथेच होईल. पत्ता कुठलाही असो.’ परवा ज्यांनी म्हातारीला परत पाठवलं होतं, त्यांच्याकडूनच तो फळा दर्शनी भिंतीवर लावून घेतला.

मार्चमध्ये पट्टा पडायच्या आधी त्या पोरीचा बाप आला. वहीच्या पानावर नाव लिहून आणलं होतं.