आजोबांचं टेबल आणि चपडीचं पॉलिश

आजोबांचं टेबल झालं एकदाचं! फोटो टाकीनच, पण त्याआधी एक सांगायचंय, कारण ह्या कामात ते मला अगदी मनापासून पटलंय. घरात जुनं सागवानी सामान असेल तर त्याच्यावर असं काहीही चढवू नका जे पुढच्या माणसाला काढता येणार नाही. सनमायका नको, वरून ठोकलेला प्लाय नको, सांध्यात खिळे तर अजिबातच नकोत. ज्या सुतारानं हे टेबल केलं त्यानं ते पुन्हा खोलता येईल असंच केलं होतं, म्हणून तर इतक्या वर्षांनी माझ्यासारखीला ते दुरुस्त करता आलं.

आजोबा लातूरला गंजगोलाईच्या बाजारात एका आडत दुकानात मुनीम होते. गोलाई १९१७ची, मधे ती गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, लातूरकरांना काय वेगळं सांगायचं. दुकान उठलं तेव्हा मालकांनी हे टेबल आजोबांना दिलं. लाकूड किनवट-माहूरकडच्या सागाचं असणार असं अप्पा म्हणतात. ड्रॉवरमधे पैशाचे दोन वेगळे कप्पे आहेत, मला लहानपणी वाटायचं एक नोटांचा आणि एक चिल्लरचा, पण तसं नव्हतं, एक हाली रुपयाचा आणि एक कलदारचा. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार, बाजारात दोन्ही चालायचे आणि भाव वेगवेगळा, साधारण सात हालीला सहा कलदार, त्यामुळं मुनीमाला दोन्हीचा हिशोब वेगळा ठेवावा लागायचा. १९४८ला संस्थान भारतात आलं तरी हाली लगेच गेली नाही, पुढं काही वर्षं चालूच होती. टेबल जसं होतं तसं राहावं असं मला का वाटतं ते ह्या दोन कप्प्यांवरून कळेल, ही गोष्ट आता दुसरीकडं कुठं बघायला मिळणार?

तर टेबलाची अवस्था. वर चॉकलेटी ऑइल पेंटचे थर, एक पाय हलणारा, मागच्या पायाचा तळ वाळवीनं खाल्लेला, आणि वरच्या तीन फळ्यांमधे बोट जाईल एवढी चीर. आमच्या भागातले मिस्त्री बघायला आले, चांगला माणूस, हातात कला आहे, पण म्हणाले, "ताई, कशाला एवढं करायलाव, वरून प्लाय ठोकतो अन् सनमायका मारतो, संध्याकाळपर्यंत नवंकोरं." त्यांचंही बरोबरच आहे, गिऱ्हाईक तेच मागतं. अप्पा म्हणाले, "माझ्या वडलाचं टेबल हाय, करू दे तिला." मग मिस्त्रींनीच शिकवलं मला, म्हणजे पायाचं काम त्यांनी केलं आणि बाकीचं मी, ते शेजारी बसून सांगत राहिले.

पेंट काढताना एक काळजी घ्या. जुन्या ऑइल पेंटमधे शिसं असू शकतं. आपल्याकडं घरगुती पेंटमधल्या शिशावर ९० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१७ पासून, त्याच्या आधीच्या डब्यात काय होतं कुणी बघितलंय! म्हणून कोरड्या पॉलिश पेपरनं घासून धूळ उडवायची नाही. रिमूव्हर लावायचा, फुगला की पत्तीनं खरवडायचा, उघड्यावर, मास्क आणि हातमोजे घालून, आणि लेकरांना तिकडं फिरकू द्यायचं नाही. निघालेला कचरा गोळा करून पिशवीत बांधायचा, झाडाच्या बुडाशी टाकायचा नाही.

पेंट निघाला आणि खाली लालसर चमक दिसली. आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून बघितलं तर तिथं चिकट झालं, म्हणजे मूळ पॉलिश चपडीचं. लाखेचं. पळस, कुसुम, बोर असल्या झाडांवर लाखेचे किडे बसतात, त्यांच्यापासून निघते ती लाख, आणि तीच गाळून पातळ पापुद्रे केले की चपडी. हैदराबादला चारमिनारजवळ लाड बाजारात आपण ज्या लाखेच्या बांगड्या घेतो ना, त्याच जातीची वस्तू.

मग सांधे. खिळा एकही नाही, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, वरून बांबूची खुंटी आणि आत सरस. सरस म्हणजे जनावराच्या कातडी-हाडापासूनचा डिंक, तो गरम पाण्याची वाफ लागली की मऊ पडतो, म्हणून सांधा न मोडता निघतो. फेविकॉल पण चांगलाच आहे, मी नावं ठेवत नाहीये, पण त्यानं बसवलेला सांधा पुढं खोलायचा म्हटलं की जीव जातो, बऱ्याचदा लाकूडच फाटतं. चारही पाय निघाले तेव्हा आतून प्रत्येक सांध्यावर पटाशीनं (सुताराच्या छिन्नीनं) मारलेल्या रेघा दिसल्या, एक, दोन, तीन, चार, पायावर जेवढ्या तेवढ्याच खाचेवर, म्हणजे कुठला पाय कुठं बसवायचा ते त्या सुतारानं लिहूनच ठेवलेलं! मला खरंच भरून आलं. ज्याला ठाऊक होतं की कधीतरी हे कुणीतरी उघडणार, त्यानं त्या माणसासाठी केलेली खूण आहे ती.

सरस डब्यात डबा ठेवून गरम करायचा, उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याची पकड जाते. सांधा दाबून धरायला शिकंजा नव्हता तर मिस्त्रींनी पायांना सुती दोरी गुंडाळली आणि मधे काठी घालून पीळ दिला, काय गच्च बसलं!

आता ती चीर. ती पडली कशामुळं तर मधे कधीतरी कुणीतरी फळ्या हलू नयेत म्हणून खालून आडवी लोखंडी पट्टी ठोकली होती. लाकूड त्याच्या अंगच्या रेषेच्या लांबीत फारसं हलत नाही पण रुंदीत हलतं, पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो ते माहितीच आहे, मे महिन्यात चाळीसच्या वर पारा आणि हवा कोरडी ठाक. फळीला आकसायला जागाच दिली नाही तर ती फाटणार नाही तर काय करणार. पट्टी काढली, फळ्या सरसानं एकमेकींना जोडल्या, आणि वरचा भाग चौकटीला स्क्रूनं न आवळता लाकडी गुटक्यांनी धरला, गुटक्याची जीभ चौकटीच्या खाचेत थोडी सरकते, त्यामुळं फळीला हलायला वाव राहतो. चिरीत पुट्टी भरायचा सल्ला खूप जण देतात. ऐकू नका. उन्हाळ्यात गच्च भरलेली पुट्टी पावसाळ्यात फळ्या फुगल्या की दाबली जाते, नाहीतर बाहेर पडते. त्या पट्टीच्या खिळ्यांभोवतीचे काळे डाग मात्र ऑक्झॅलिक अॅसिडच्या पाण्यानं गेले (विषारी असतं ते, हातमोजे हवेतच, आणि नंतर भरपूर पाण्यानं पुसून घ्यायचं).

पॉलिश पेपर आधी १२० नंबरचा, मग १८०, मग २२०, कायम रेषेच्या दिशेनं. चपडी एक लिटर स्पिरिटला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम, रात्रभर भिजवून मलमलीतून गाळली. कापूस मलमलीत बांधून पोटली करायची आणि पातळ पातळ हात मारायचे, मधे अडकायला लागली की पोटलीला तेलाचा एखादा थेंब. हे काम पावसाळी दमट हवेत करू नका, पॉलिश पांढरं पडतं.

चपडीला गरम चहाचा कप सोसत नाही, पांढरं वर्तुळ उठतं, हे खरं आहे. स्पिरिट किंवा सॅनिटायझर सांडलं तर विरघळते. पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश ह्याच्यापेक्षा कितीतरी टणक. पण पीयूला चर पडला की बहुतेक वेळा सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून, आणि चपडीचा नवा हात जुन्या थरात विरघळून एक होतो, डाग पडला तर तेवढ्या जागेचं काम घरच्या घरी, पोटली घेऊन, अर्ध्या तासात. रोजच्या वापरातल्या घरच्या टेबलाला मला हेच बरोबर वाटतं, बशी ठेवायची सवय लागते सगळ्यांना.

ड्रॉवरच्या आत आणि तो सरकतो त्या पट्ट्यांना पॉलिश केलं नाही, पावसाळ्यात अडकतं, नुसती मेणबत्ती घासली. कुलूप पितळी आहे, जुनं, किल्ली हरवलेली. लातूर, उदगीर, अंबाजोगाईकडं असली कुलपं खोलून किल्ली बनवणारं कुणी असेल तर कळवा, तोडून नवीन बसवायचं नाहीये मला.