बॅक लीडच्या वहीतून : जोतिबा ते पावनखिंड

मागची नोंद मार्गशीर्षात लिहिली होती, आता श्रावण लागला. मधल्या काळात एक रांगणा किल्ला झाला, जोतिबाचे अकरा रविवार झाले आणि जुलैत पन्हाळा–पावनखिंड पायी. पावनखिंडीची वाट मी याआधी दोनदा चालले आहे, पण या वेळी पहिल्यांदाच बॅक लीड, म्हणजे गटात सगळ्यात मागे चालणारी, होते. त्यामुळे बाकीचं थोडक्यात आटोपते.

रांगणा जानेवारीत केला. गारगोटी, पाटगाव, भटवाडी आणि पुढे चिक्केवाडीवरून गड. गर्द रान, वाटेवर गव्यांचं ताजं शेण, वर तळं आणि रांगणाईचं देऊळ. थंडीतल्या वाळक्या पानांवर पाय घसरतो तो ओल्या मातीपेक्षा वाईट, कारण खाली दगड आहे की खड्डा ते दिसत नाही. उतरताना काठी आधी टेकवायची आणि मग पाऊल, हे त्या दिवशी पक्कं झालं.

जोतिबाचे रविवार हा माझा सराव. मी दिवसभर शिलाई मशीनवर बसते. पोटऱ्या आखडतात, कंबर धरते, आणि एकदम डोंगरावर गेलं की तिसऱ्या वळणावर छाती भरून येते. म्हणून पहाटे कुशिऱ्याच्या बाजूनं चढायचं, दर्शन घ्यायचं आणि दहाच्या आत दुकान उघडायला परत. पहिल्या रविवारी वर पोचायला १ तास १० मिनिटं लागली, तीन ठिकाणी बसले. अकराव्याला ५२ मिनिटं, न बसता. वेग वाढवला म्हणून हे झालं नाही, उलट सुरुवात संथ केली म्हणून झालं. पहिली पंधरा मिनिटं इतकं सावकाश चालायचं की सोबतच्या माणसाशी अख्खं वाक्य बोलता यावं. वाक्य तुटायला लागलं की पाऊल आखूड करायचं, पण थांबायचं नाही. नव्याने येणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते.

आता पावनखिंड.

आम्ही ४२ जण होतो. सकाळी साडेसहाला पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याला वंदन करून निघालो आणि राजदिंडी या गडावरच्या जुन्या वाटेनं खाली उतरलो. १२ जुलै १६६० च्या रात्री, सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज याच बाजूनं बाहेर पडले. ती आषाढ पौर्णिमा होती, पण पावसाळ्यात त्या रानात चांदणं कितीसं मिळणार? शिवा काशीद यांनी महाराजांचा वेश घेऊन स्वतः पालखीत बसायचं कबूल केलं, बांदलांचे मावळे पालखी घेऊन धावले, आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी शत्रू अडवून धरला. तीच आजची पावनखिंड. आपण हे अंतर दोन दिवसांत, दोन वेळा जेवून, करपेवाडीत मुक्काम करून चालतो. राजदिंडीच्या निसरड्या पायऱ्यांवर मला दर वेळी हेच आठवतं आणि पायातलं दुखणं बोलायची लाज वाटते.

निघण्याआधी आण्णांनी मला शिट्टी आणि वही दिली. आण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत, माणसं मोजण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. म्हणाले, "ताई, चालत्या माणसांची मोजणी खरी धरायची नाही. थांबवायचं, उभं करायचं, मग मोजायचं." म्हाळुंग्यात तसंच मोजलं, ४२ भरले.

तिथून मसाई पठाराची चढण. वर पोचलो तर धुकं असं की दहा हातांवरचा माणूस दिसेना. पठार सगळं जांभ्याचं, झाड नाही, आडोसा नाही, पाऊस आडवा येतो आणि पाण्याखाली वाट कुठली, गवत कुठलं ते कळत नाही. त्यातच एका काकींच्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला. बूट जुने, वर्षभर माळ्यावर पडलेले, डिंक वाळून गेलेला. माझ्याकडे नाडीचा गुंडा असतोच. तळ पुढून-मागून दोन फेऱ्यांनी आवळून बांधला आणि काकींना घेऊन निघाले. या सगळ्यात दहा-बारा मिनिटं गेली.

मसाईच्या देवळापाशी सगळ्यांना उभं करून मोजलं तर ४०.

पुन्हा मोजलं, ४०च. पोटात गोळा आला. सगळ्यात मागे मी, माझ्या मागे कुणी नाही, मग दोघं गेले कुठं? शिट्ट्या मारल्या, पण वाऱ्यात आवाज कुठून येतोय ते कळत नाही. आण्णा आणि दोन पोरं आल्या वाटेनं मागे गेली, बाकीच्यांना मी देवळाच्या आडोशाला दाटीनं बसवलं, कारण भिजलेला माणूस वाऱ्यात उभा राहिला की पाच मिनिटांत काकडतो. चाळीस मिनिटांनी सगळे परत आले. कॉलेजची दोन मुलं पांडवदऱ्याची लेणी बघायला पठाराच्या कडेनं खाली उतरली होती. पुढच्या कुणाला तरी सांगून गेली होती, मला नाही. मी काकींना घेऊन त्या वळणावरून सरळ पुढे निघून आले होते.

मुलांवर ओरडावंसं वाटलं, पण ओरडले नाही. चूक माझ्या समजुतीत होती. बॅक लीड सगळ्यांच्या मागे असला म्हणजे कुणी मागे राहणार नाही, असं मी धरून चालले होते. माणूस मागे राहत नाही, तो बाजूला जातो. लघवीला, फोटोला, लेणं बघायला. आणि धुक्यात बॅक लीड त्याला ओलांडून जातो.

त्या देवळातच नियम ठरवला. वाट सोडून कुणीही, कितीही थोडा वेळ जाणार असेल तर आपली सॅक वाटेवर, मधोमध ठेवून जायचं. मला सॅक दिसली की मी तिथं उभी. सॅकचा मालक आल्याशिवाय मी हलणार नाही. ज्यांचे ग्रुप पावसाळ्यात जातात त्यांनी हे जरूर करून बघावं. दुसऱ्या दिवशी अशा सात सॅकांपाशी मी उभी राहिले आणि एकदाही मोजणी चुकली नाही.

कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी करत अंधाराच्या आत करपेवाडीत आलो. चुलीवरचा गरम भात आणि आमटी. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले, रात्रीतून दोनदा बदलले. सकाळी बूट ओलेच होते, पण निथळत नव्हते. एवढा फरक पुरतो.

पोटरीपट्ट्यांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून लिहिते. छत्रीच्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून मी बारा जोड्या शिवल्या होत्या. बुटाच्या तोंडापासून गुडघ्याखालपर्यंत, म्हणजे चिखल आणि जळवा आत जात नाहीत. पहिल्या सहा जोड्यांना व्हेल्क्रो लावलं होतं. ते म्हाळुंग्याच्या चिखलातच भरलं आणि चिकटायचं बंद झालं. दुसऱ्या सहांना वर नाडी, पुढे बुटाच्या लेसमध्ये अडकवायला आकडा आणि तळव्याखालून नायलॉनची पट्टी. या सहाही खिंडीपर्यंत टिकल्या. पट्टी मात्र दगडावर घासून झिजते, ती बदलता येईल अशी बटणावर लावायला हवी होती.

दुसरा दिवस आंबेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी. रोपलावण चालू होती. बायका वाकून चिखलात पाय रोवून उभ्या, आणि आम्ही हौसेनं चिखल तुडवत चाललेलो. बांध मोडू नये म्हणून मी मागून सारखी ओरडत होते, कारण ४२ माणसं एका बांधावरून गेली तर शेवटी तो उरत नाही. धनगरवाड्यावर एका आजींनी हाक मारली, "वाईच च्या घेऊन जावा की." सगळ्यांना थांबता येणार नव्हतं, पण काकींचा गुडघा भरून आला होता, म्हणून आम्ही दोघी दहा मिनिटं टेकलो. पुढे शिट्टीनं कळवलं. तो चहा मी विसरणार नाही.

पांढरेपाण्याहून खिंडीत पोचायला दुपारचे तीन झाले. लोखंडी शिडीनं सगळे एकेक करून खाली उतरले, पाणी दणाणत होतं. काकी माझ्या आधी, मी शेवटी. खाली आण्णांनी सगळ्यांना उभं केलं आणि या वेळी मोजायला मलाच सांगितलं. ४२. त्यानंतरच जयजयकार झाला.

पुढच्या जुलैसाठी चौदा जोड्या कापून ठेवल्यात. बटणाच्या पट्ट्या अजून लावायच्या आहेत.