तार आली, साखर मात्र नाही

मुतखडा झाला नसता तर माझ्या स्वादुपिंडात पाण्याची गाठ आहे हे मला कळलंच नसतं. ऑगस्टमध्ये रात्री दोन वाजता कंबरेत कळ आली आणि मुलाने दिंडोरीहून गाडी थेट नाशिकला आणली. साधा सीटी स्कॅन झाला. खडा ५ मिलीमीटरचा निघाला, तो चार दिवसांत पडूनही गेला. पण रिपोर्टात खाली आणखी एक ओळ होती: स्वादुपिंडाच्या डोक्याकडे २४ मिलीमीटरची सिस्ट. रिपोर्ट देणाऱ्या मुलीने एवढंच सांगितलं, "कॅन्सरवाल्या डॉक्टरांना दाखवून घ्या." संध्याकाळपर्यंत मोहाडीच्या पाहुण्यांचेसुद्धा फोन सुरू झाले.

माझी द्राक्षबाग आहे, त्यामुळे मिलीमीटर मला कळतात. द्राक्षाचा मणी १८ चा झाला की व्यापारी खूश असतो. २४ म्हणजे त्याहून दांडगा मणी, तोही पोटात.

गंगापूर रोडच्या पोटविकारतज्ज्ञांनी आधी पाठीमागून येणारे प्रश्न थांबवले. साध्या सीटीत डाय, म्हणजे शिरेतून देतात ते फोटो उजळवणारं औषध, नसतो, त्यामुळे गाठ आहे एवढंच दिसतं, तिचा स्वभाव दिसत नाही, असं ते म्हणाले. त्यांनी एमआरआय आणि त्यातच एमआरसीपी, म्हणजे नळ्यांचे खास फोटो, सांगितलं. एमआरसीपीमध्ये पित्तनळी, स्वादुपिंडाची नळी आणि गाठीतलं पाणी पांढरंफेक दिसतं, बाकी सगळं काळं.

सेंटरवर चार तास उपाशी बोलावलं आणि गेल्यावर हातात अननसाच्या रसाचा ग्लास दिला. मला वाटलं चेष्टा आहे. टेक्निशियनने समजावलं की अननसात मँगनीज असतं, त्यामुळे जठरातलं पाणी फोटोत काळं पडतं आणि मागची बारीक नळी झाकली जात नाही. मग ठोकाठोकीच्या आवाजात पाऊण तास. "श्वास घ्या, सोडा, धरा." माझा श्वास दोनदा सुटला, दोन्ही वेळा फोटो परत काढावे लागले.

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मला सांगायची गरज पडली नाही, पांढऱ्या मण्यांचा घडच होता तो, देठाने मुख्य नळीला चिकटलेला. रेडिओलॉजिस्ट लोकही त्याला द्राक्षाचा घडच म्हणतात म्हणे. निदानाचं नाव लांबलचक: बाजूच्या फांदीचं आयपीएमएन, म्हणजे मुख्य नळीला फुटलेल्या बारीक फांदीत चिकट स्राव साठून झालेली गाठ. मुख्य नळी ३ मिलीमीटर, म्हणजे फुगलेली नाही. कावीळ नाही. रक्तातलं सीए १९-९, म्हणजे कॅन्सरचा संशय तपासायला बघतात तो आकडा, हद्दीत. सगळं बरं चाललं होतं, पण एका मण्यात काळा ठिपका होता.

हा ठिपका घट्ट झालेला चिकट स्राव आहे की भिंतीवर वाढलेला कोंब, हे एमआरआयवर नक्की सांगता येईना. कोंब ५ मिलीमीटर किंवा जास्त असेल आणि त्यात रक्त खेळत असेल, तर ऑपरेशनचा विचार. स्राव असेल तर थांबता येतं. म्हणून एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड ठरलं. घशातून दुर्बीण जाते, तिच्या टोकालाच सोनोग्राफीचं यंत्र असतं, आणि स्वादुपिंड अगदी हाताच्या अंतरावर येतं. लागलंच तर तिच्यातूनच सुई घालून गाठीतलं पाणी काढतात.

इथे घरात वाद झाला. काकू म्हणाली, "सुई लावू नकोस रे, गाठ पसरते." मी डॉक्टरांना तसंच विचारलं. ते हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, "आधी बघतो. ठिपक्याचा निकाल लागला, मग सुईचं ठरवू." सुईतून केसासारखी लेसर दुर्बीण आत सोडून गाठीचं अस्तर जागेवरच सूक्ष्मदर्शकासारखं बघतात, अशीही पद्धत आता आली आहे, त्या वेळी शिरेत पिवळा रंग देतात, कातडी आणि लघवी काही वेळ पिवळी दिसते. माझ्या बाबतीत तिथपर्यंत जायची गरज पडेल असं त्यांना वाटत नव्हतं.

मला झोपेचं इंजेक्शन होतं, त्यामुळे पुढचं मी नंतर व्हिडिओत पाहिलं. शिरेतून वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडले. ते रक्ताबरोबर फिरतात आणि शेवटी श्वासातून बाहेर पडतात, मूत्रपिंडावर बोजा नाही. काही क्षणांत स्वादुपिंड उजळलं, मण्यांमधल्या पातळ भिंतीही चमकल्या. ठिपका काळाच राहिला. आत रक्त नाही, म्हणजे स्राव. तो व्हिडिओ मी घरी बारा वेळा तरी लावला असेल.

जात पक्की करायला सुईने थोडं पाणी काढलंच. ते घट्ट होतं. डॉक्टरांनी दोन बोटांत धरून ताणलं तर तार आली. बायको लगेच म्हणाली, "अहो, हा तर एकतारी पाक!" पण त्या पाकात साखरच नव्हती. तपासणीत ग्लुकोज २१ आलं. ५० च्या खाली असेल तर गाठ चिकट स्राव करणाऱ्या जातीची, असा ढोबळ हिशेब. सगळ्या आयुष्यात मण्यात साखर उतरावी म्हणून धडपडलो, आणि वडिलांच्या मधुमेहापायी घरात साखर उतरावी म्हणून. इथे मात्र कमी साखर ऐकून चेहरा पडला.

"कॅन्सर आहे का?" मी सरळ विचारलं.

"आज नाही. पण ही जात पुढे बिघडू शकते. म्हणून काढायची नाही, सोडायचीही नाही."

पेशींच्या तपासणीतही वाईट काही निघालं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. मी मोजलं तर मार्च, म्हणजे ऐन तोडणी. एप्रिलच्या छाटणीनंतर येतो म्हटलं, तर डॉक्टरांनी मान हलवली. मी एवढंच पदरात पाडून घेतलं की तारीख सोमवारची नको, सोमवारी गाड्या भरतात. मार्चचा पहिला बुधवार मिळाला. अननसाचा रस मात्र या वेळी घरून न्यायचा, तिथला फारच आंबट होता.