गोधडीवर घर लिहिताना

ब्रिटनमध्ये मराठी मंडळींना जमवून 'घर' या विषयावर एक गोधडी करायची असेल, तर सुईदोऱ्याच्या आधी प्रश्न नीट ठरवा. 'घर म्हणजे काय?' असं विचारलं की माया, ऊब, अंगण एवढंच कागदावर येतं. त्याऐवजी विचारा: किल्ली कुठे असायची? 'फडताळामागच्या खिळ्याला' या दोन शब्दांत अख्खं घर उभं राहतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, म्हणजे इथे जन्मलेल्या पिढ्याही आता काही कमी नाहीत. त्यांच्यातल्या कुणी रेडिएटरवर वाळणारे मोजे लिहिले, तर खोडू नका. त्याचं घर तेच आहे.

बारा जणांचे बारा चौकोन, प्रत्येकी बारा इंची. कापताना मात्र साडेबारा इंच धरा, कारण चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जातं. तीन बाय चार मांडले की तीन फूट बाय चार फुटांची गोधडी होते. लिहायला कॅलिको घ्या; कालिकतवरून नाव पडलेलं हे कोरं सुती कापड इथे सहज मिळतं. आधी ते धुवा. खळ राहिली तर शाई कापडात मुरत नाही. शिवाय जुनी साडी आटून झालेली असते, कॅलिको नाही. न धुता जोडलं तर पहिल्याच धुण्यात गोधडी चुणते.

पेन कापडासाठीचं, पिगमेंट शाईचं. साध्या स्केचपेनची शाई फुटते आणि देवनागरीत त्याचा घोटाळा मोठा: 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावरची फट बुजते, मग 'भाकरी'ची 'माकरी' आणि 'धान्य'चं 'घान्य' होतं. म्हणून अक्षर दीड सेंटिमीटरपेक्षा लहान नको, मजकूर वीस शब्दांच्या आत हवा. कापडाखाली बारीक पॉलिशपेपर ठेवला की ते सरकत नाही. ज्या मुलांना देवनागरी येत नाही त्यांना आजीच्या अक्षरातला कागद खिडकीच्या काचेला चिकटवून द्या, वर कापड धरून गिरवता येतं. शाई पूर्ण वाळली की उलट बाजूने कोरडी इस्त्री फिरवा, वाफ नको.

आत घालायला सुती साड्याच घ्या. नायलॉनचे थर एकमेकांवरून घसरतात. मधून कडेकडे टाचे घाला, नाहीतर मध्ये फुगवटा राहतो. धावदोरा अक्षरांवरून नेऊ नका, भोवतीने न्या.

भिंतीवर लावायची असेल तर मागे वरच्या कडेला चार इंच रुंद नेफा शिवा आणि त्यात काठी घाला. खिडकीसमोरची भिंत टाळा, रंग उडतात. मागच्या पट्टीवर महिना, साल आणि प्रत्येकाच्या नावापुढे दोन गावं लिहा: तिकडचं आणि इथलं.